पापा-टँगो बोलतेय

बटण दाबलं आणि शब्द अडला.

खाली धावपट्टी होती, वर ऊन होतं आणि मधे ती, पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेली, एकटीच विमान घेऊन गोल गोल फिरत होती. उतरायचं तर विमानतळाच्या टॉवरची परवानगी हवी, आणि परवानगी मागायची तर रेडिओवर आधी विमानाचं नाव सांगायला हवं. नाव होतं पापा-टँगो. बोलताना अडखळणाऱ्या मुलीच्या वाट्याला नेमकं हेच विमान यावं, याला दैवाची चेष्टा म्हणायची नाही तर काय! ओठ मिटले ते मिटलेच. पलंग दारात अडकावा तसा शब्द तोंडात आडवा झाला. आत जाईना की बाहेर येईना.

घरी तिने यावर पळवाटा शोधून ठेवल्या होत्या. जो शब्द अडेल तो टाळायचा, त्याच्या जागी दुसरा घालायचा. पेरू आणायला जायची आणि संत्री घेऊन यायची. तिला संत्री फार आवडतात असं घरात सगळ्यांचं पक्कं मत होतं. शिवाय आई होतीच. हिने तोंड उघडलं की आई वाक्य पुरं करायची, आई नसली की दादा. सगळे मायेनेच करायचे, आणि त्या मायेत तिचा जीव गुदमरायचा. ती विमान शिकायला निघाली तेव्हा दादा म्हणाला होता, जिला जमिनीवर बोलता येत नाही ती आभाळात जाऊन काय दिवे लावणार. त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तिची जागा ठरलेली होती. तिथे गिऱ्हाईक कागद पुढे करतं, बोलावं लागत नाही.

विमान मात्र तिचं ऐकायचं. शिकवणारे कॅप्टन कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, पण तिचा हात चांगला आहे हे तेही कबूल करायचे. अडचण रेडिओची होती. तिने बटण दाबून धरलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही, आणि तिचा अडकलेला शब्द सगळ्यांचीच वाट अडवून बसतो. आजवर शेजारी बसलेले कॅप्टन अशा वेळी तिच्या वतीने बोलून टाकायचे. आज ती जागा रिकामी होती. सकाळीच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, एकटी जा, एकटी बोल. नाही जमलं तर तुझी उमेदीची वर्षं मी वाया घालवणार नाही.

आणि तो टॉवरवाला! त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. नुसता आवाज, लोण्यासारखा. कुठे खाच नाही की खळगा नाही. त्याच्यावर तिचा दात होता. विमानाचं नाव गिळून तिने बाकीचं घाईघाईने उरकलं, की तो शांतपणे विचारायचा, कोण बोलतंय, परत सांगा. जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ती मनात म्हणायची.

तिने बटण सोडलं. पुन्हा दाबलं. “प... प...” पुन्हा सोडलं.

मागून येणाऱ्या विमानातला वैमानिक वैतागला. पापा-टँगोला उतरायचंय हे शेंबड्या पोरालाही कळेल, देऊन टाका परवानगी आणि आमचीही सुटका करा, असं तो रेडिओवर म्हणाला. तिचे कान तापले. पण खरं तर सुटका तिचीही होती. नुसतं गप्प राहायचं होतं. आजवर ती तेच करत आली होती.

“थांबा जरा,” टॉवरवाला म्हणाला. “ती बोलतेय.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेल्याला दयामाया म्हणून नाही. बोलतेय कुठे, बुडतेय मी! विमान आणखी एकदा वळलं, धावपट्टी पंखाखालून सरकली आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की रेडिओवर कुणीच काही बोलत नाहीये. मागचं विमान गप्प. टॉवर गप्प. कुणी शब्द पुढे करत नव्हतं, कुणी ‘हं, हं’ करून घाई करत नव्हतं. तिच्या बोलण्यासाठी एवढी जागा आजवर कुणी मोकळी ठेवली नव्हती. आपण अडखळत नाही असं दाखवायची धडपड तिने सोडून दिली. अडेल तर अडेल. तिने बटण दाबलं.

“प... पा... पापा-ट... टँगो. उतरायची प... प... परवानगी द्या.”

सगळ्यांनी ऐकलं. आभाळ काही कोसळलं नाही.

“पापा-टँगो, उतरा,” लोण्यासारखा आवाज म्हणाला.

ती उतरली. चाकं टेकली तेव्हा ती हसत होती. कॅप्टननी कौतुकबिवतुक केलं नाही. उद्या वेळेवर ये म्हणाले, आणि टॉवरवर तुला बोलावलंय म्हणाले. ती लोखंडी जिना तरातरा चढली. आज त्याला चार शब्द सुनावायचेच, मग त्या चार शब्दांना अर्धा तास लागला तरी बेहत्तर.

वर काचेच्या खोलीत तिच्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ बसले होते. दुसऱ्या एका विमानाला ते उतरायची परवानगी देत होते. तेच रोजचे ठरावीक शब्द, तोच आवाज. मग त्यांनी हेडफोन काढून ठेवला, वळून तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीकडे हात केला.

“ब...” ते म्हणाले. “ब... ब...”

ओठ मिटले. मान ताठ झाली, डोळे घट्ट बंद झाले. खुर्ची रिकामी होती, शब्द कोणता ते तिला केव्हाच कळलं होतं, तरी तो पुरा बाहेर येईपर्यंत ती उभीच राहिली.