मोहरलेल्या झाडांचा लिलाव

"अकरा झाडं, मोहरासकट," कुलसचिव हेमकांत म्हणाले आणि त्यांनी कागद निर्मलाबाईंच्या पुढ्यात सरकवला. "भोपळ्याची बोली झाली की लगेच घेऊ."

निर्मलाबाईंनी नुसती मान हलवली. टेकडीवरच्या या चिमुकल्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या त्या कुलगुरू. विद्यार्थी दोनशे दहा, इमारती तीन, आणि इमारतींत न मावणारे वर्ग या आमराईत. पाच महिने पगार झालेले नव्हते. या महिनाअखेरीस झाले नाहीत तर नर्सिंगचे तिन्ही शिक्षक सुरतेला निघून जाणार होते, आणि मग शेवटच्या वर्षाच्या चाळीस पोरींना परीक्षेला कोण बसू देणार? म्हणून झाडं. विश्वस्तांनी बजावलं होतं, विकायची तर उघड लिलावात विका. आणि इथं वर्षातून लिलाव होतो एकच, आभाराच्या सणाचा.

पौषातलं मऊ ऊन मोहरातून खाली गळत होतं. त्या वासानं बाईंचे डोळे जड झाले होते. झोप नव्हती, पण सगळं झोपेतून पाहिल्यासारखं लांब लांब वाटत होतं. तिसऱ्या झाडाखाली त्या स्वतः शिकल्या होत्या. आत्ताही तिथं दोन वेण्यांची कुणी मुलगी वही घेऊन बसलीय असं त्यांना वाटलं. पापणी लवली, तर तिथं लाकूड न्यायला आलेला ट्रक उभा होता.

तिकडे भिलानं भोपळा डोक्यावर धरला होता. भिला इथला माळी. चाळीस वर्षं सणाची बोली तोच पुकारतो. नव्या पिकातलं पहिलं फळ मेजावर मांडायचं, बोली लावायची, ज्यानं घेतलं त्यानं पैसे द्यायचे आणि फळ तिथंच परत ठेवायचं. मग त्याच फळाची पुन्हा बोली. भिला पितळी थाळीवर काठी हाणायचा आणि ओरडायचा, "मास्तरनी लिधं, देवले दिधं! बोला आते!" मास्तरांनी घेतलं, देवाला दिलं, की टाळ्यांचा कडकडाट. पैसे नसतील तर कुणी तांदूळ बोलायचं, कुणी कोंबडी. तेही चालायचं.

मांगीलालशेठ हे पहिल्यांदाच बघत होते. नंदुरबारचे लाकडाचे व्यापारी, खिशात चेक लिहून आणलेला. ते पोट धरून हसले. "कमाल आहे बाई! एकच भोपळा नऊ वेळा विकला! असा माल मला मिळता तर मी वखार कशाला घातली असती?"

बाईही हसल्या. हसणं ओठांवरच राहिलं.

मग झाडांची बोली निघाली. भिलानं ती लावली नव्हती, पण दुष्काळात खांद्यावरून पाणी वाहून जगवली होती. त्यानं झाडांकडे बघितलंच नाही. डोळे मिटून म्हणाला, "अकरा आंबा. बोला."

"अडीच लाख," शेठ म्हणाले.

त्यावर कोण बोलणार? वारासुद्धा पडला. भिलानं तीनदा विचारलं, थाळीवर काठी हाणली आणि सवयीनं ओरडला, "शेठनी लिधं, देवले दिधं! बोला आते!"

म्हातारा मुद्दाम बोलला म्हणावं, तर तसं नव्हतं. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाळीस वर्षांचं वळण जिभेला, ती काय थांबते! आणि मंडळींच्या हातांनाही तेच वळण. टाळ्यांचा असा पाऊस पडला की मोहर झडला. पोरी उभ्या राहून शेठकडे बघत होत्या. मागून वसतिगृहात भाकऱ्या थापणारी रुपाबाई हात वर करून ओरडली, "एक कोंबडा!"

शेठ खुर्चीतून अर्धे उठले ते तसेच राहिले. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

निर्मलाबाईंना क्षणभर वाटलं, गप्प बसावं. देवाशपथ वाटलं. पण त्या उठल्या, आणि टाळ्या विझल्या. "शेठजी, माफ करा. भिलाची चूक झाली. झाडं तुमचीच आहेत. उद्या तोडायला घ्या."

शेठ वर बघत होते. डोक्यावर सगळ्या फांद्या फिकट पिवळ्या झाल्या होत्या आणि माश्या गुणगुणत होत्या. किती लाकूड निघेल ते त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. मोहर मात्र आत्ता पाहिला.

"भिला," ते हळूच म्हणाले, "आजलोंग हाऊ भोपळा कोणी घर लई गया का?"

"नही शेठ. कोणीच नही."

शेठनी खिशातून चेक काढला. मेजाशी गेले आणि भोपळा उचलून त्याच्याखाली तो दाबून ठेवला. मग ट्रकवाल्याकडे वळून त्यांनी हात हलवला, जा म्हणून. ट्रकवाल्याला कळेना. त्यांनी पुन्हा हलवला. ट्रक घरघरत निघाला आणि टेकडी उतरताना त्याच्या धुळीत ऊन तरंगत राहिलं.

बाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. भिलाची काठी हवेतच होती.

शेठ परत येऊन खुर्चीत बसले, धोतर नीट केलं, आणि धंद्यातल्या आवाजात खेकसले, "आते थांबना कसाले रे? बोली कितलावर शे?"

भिलानं काठी खाली घेतली.

"एक कोंबडा, शेठ."