चिदंबरची कंबर

चिदंबर पडद्यावर आला आणि शिवाजीरावांनी हातातला तिसरा वडा ताटलीत परत ठेवला.

साठ वर्षांचा माणूस, आणि शेवग्याच्या शेंगेसारखा सडसडीत! अमेरिकेतल्या कुठल्याशा हॉलात, स्वतःच्याच साठीशांतीला, रेशमी धोतर नेसून उभा होता. पोट म्हणून नाव नाही.

"शरीर कसं राखलंय बघा," वनजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक उसासा सोडला.

शिवाजीरावांनी खाली पाहिलं. स्वतःचे पाय काही दिसले नाहीत. मधे पोट होतं.

चिदंबर हा वनजाबाईंचा मामेभाऊ. मैसूरच्या या जुन्या मराठी घरांत मुलीवर पहिला हक्क मामाच्या मुलाचा, त्यामुळं लग्न ठरल्यातच जमा होतं. चिदंबर शिकायला म्हणून अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा कुठं शिवाजीरावांचा नंबर लागला. या गोष्टीला सदतीस वर्षं झाली होती. शिवाजीरावांना ती कालचीच वाटायची.

तशी ही डीव्हीडी टपालानं आली तेव्हा दैव त्यांच्या बाजूला होतं. तबकडी आत घातली की चित्र काळंपांढरं, आणि वर ते खालून वर पळत सुटलेलं. चिदंबरचे पाय वर, डोकं खाली. दोन दिवस शिवाजीराव फार सुखात होते. तिसऱ्या दिवशी ते दुपारचे घोरत पडले असताना वनजाबाईंनी देवराज मोहल्ल्यातून नागोजीराव मेकॅनिकला बोलावून आणलं. तिकडच्या डिस्कची पद्धत वेगळी, आपल्या टीव्हीची वेगळी, असं म्हणत त्यानं काहीतरी बटणं दाबली. चित्र थांबलं, रंग आले. तो गेल्यावर शिवाजीराव डोळे चोळत बाहेर येतात तो समोर हा सडपातळ चिदंबर.

त्यात दुर्दैव असं की वनजाबाईंना रिमोट उलटा की सुलटा तेही कळत नसे. टीव्ही लावायलासुद्धा "अहो" अशी हाक यायची. म्हणजे आपल्या वैऱ्याला रोज आपल्याच हातानं घरात आणायचं!

साखर तीनशेला टेकली तेव्हा डॉक्टर सांगून सांगून थकले होते, चाला, नाहीतर पाय गमवाल. शिवाजीरावांचं उत्तर ठरलेलं. "आमचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. आमच्यात चालायचं काम घोड्याचं."

तेच शिवाजीराव दुसऱ्या दिवशी पहाटे कुक्करहळ्ळी तळ्यावर दिसले. डॉक्टरसाठी नव्हे. त्या उसाशासाठी.

"सावकाश हं," वनजाबाई पाठीमागून म्हणाल्या. "सगळ्यांना थोडंच जमतं ते?"

झालं! एका फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. वडे गेले, पुरणाची होळगी गेली, कॉफीतली साखर गेली. तळ्यावरचे बगळे त्यांना ओळखायला लागले. सात महिन्यांत चौदा किलो उतरले आणि पट्ट्याला चार नवी भोकं पडली. मग एकदा ते टीव्हीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी हळूच पडद्याकडे पाहिलं. छे! चिदंबर अजून बारीकच.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. वनजाबाई लेकीकडे गेलेल्या पाहून नागोजीरावाला घरी बोलावलं.

"ही तबकडी परत बिघडवता येईल का?"

नागोजीराव पडद्याकडे बघून हसायलाच लागला. "बिघडवायची काय राव, बिघडलेलीच आहे की. ती लाडवाची ताटली बघा, अंड्यासारखी. बाहेरच्या मोटारीची चाकं बघा, दुधीभोपळे."

"मला वाटलं अमेरिकेत तसंच असतं."

"राव! रुंद चित्र तुमच्या चौकोनी टीव्हीत कोंबलंय. दोन्हीकडून दाबलं की माणूस उंच नि बारीक दिसणारच." तो रिमोट घेऊन मेनूत शिरला. चार वेळा बटण दाबलं.

पडद्याच्या वर आणि खाली काळी पट्टी आली, आणि मधली सगळी माणसं दबून खाली बसली. ताटली गोल झाली. चाकं गोल झाली. आणि चिदंबर? नाचणीच्या उकडीचा, रागीमुद्द्याचा नुसता गोळा! रेशमी धोतर पोटाखाली कुठं बांधलंय ते शोधावं लागत होतं.

"पण मी त्या दिवशी नीट लावून गेलो होतो," नागोजीराव डोकं खाजवत म्हणाला. "मेनूत गेल्याशिवाय हे बदलत नाही."

"उंदीर फिरला असेल," शिवाजीराव म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं. सदतीस वर्षांत इतकं गोड चित्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

वनजाबाई संध्याकाळी दारात आल्या, तशी शिवाजीरावांनी त्यांना चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "ये, ये! तुझा चिदंबर बघ!"

वनजाबाईंनी क्षणभर पाहिलं. "अय्यो, बिचारा," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

एवढंच? शिवाजीरावांना अजून दोन शब्द हवे होते. 'तुम्हीच बरे' एवढं तरी. ते ऐकल्याशिवाय जेवायचं नाही असं ठरवून ते त्यांच्यामागं गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. वनजाबाई फोनवर चिदंबरच्या बायकोशी बोलत होत्या.

"होय गं सहाना, यांना कळलं आज. कळू दे, साखर उतरली ना. आता तुझ्या नवऱ्याची पाळी. आमच्या लेकीच्या बाळाच्या बारशाची डीव्हीडी पाठवते, यांना मुद्दाम पुढं बसवलंय. नाही नाही, मी दाबलं होतं तसलं काही बटण तुला दाबायला नको, हे आता खरंच बारीक झालेत."