शब्द न् शब्द

पडद्यावरची बाई हुंदके द्यायला लागली आणि हॅलोबाईंची वाचा बसली.

समोरच्या फळीवर मधोमध घड्याळजींचा जावई बसला होता. सासऱ्यांनीच त्याला तिथे आणून बसवलं होतं आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, "आमचे जावई दहा वर्षं हे सिनेमे येतात त्याच देशात आहेत. ती भाषा पाण्यासारखी बोलतात. सिनेमावाले काय म्हणतात आणि बाई काय सांगतात, त्याचा आज सोक्षमोक्ष लागेल."

हॅलोबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. निवृत्त झाल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी सुताराच्या कारखान्यात दर शनिवारी दुपारी फुकट सिनेमा सुरू केला. खिडक्यांना पोती लावली, प्लायवूडला पांढरा रंग दिला, झाला पडदा. सिनेमे मात्र सगळे एकाच परदेशातले, एका ग्रंथालयाने टाकून दिलेले. पहिल्याच शनिवारी अर्ध्या तासात लोक कपडे झटकत उठायला लागले. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. तेव्हा हॅलोबाई स्टुलावर बसल्या आणि नायक, नायिका, पोलीस, सासू, सगळ्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगू लागल्या. "लांबचे कॉल जोडता जोडता शिकले हो," असं त्यांनी ठोकून दिलं. खरं तर त्या भाषेत 'हो' कशाला म्हणतात आणि 'नाही' कशाला, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

पण लोक परत बसले. पुढच्या शनिवारी दुप्पट आले.

घोळ झाला तो दोन म्हाताऱ्या कोळ्यांच्या सिनेमात. सुतार आणि घड्याळजी यांची दुकानं शेजारी शेजारी. सुताराच्या कारखान्यातला भुसा घड्याळांत जातो म्हणून घड्याळजींनी चार वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. सिनेमाला यायचे, पण सुताराकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी पडद्यावरचा एक कोळी दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि हॅलोबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुझी वाळू माझ्या घरात येते म्हणून मी तुझं तोंड बघायचं सोडलं. वाळू अजून येतेच आहे रे. तोंड तेवढं दिसत नाही."

घड्याळजींनी मोठ्याने नाक शिंकरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुताराकडे चहाला गेले. आता दोघं रोज एकत्र चहा घेत होते. पण घड्याळजी सेकंदाचाही हिशोब ठेवणारा माणूस. आठवडाभराने त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. तो कोळी जेमतेम तीन शब्द बोलला होता. बाई एवढं कुठून बोलल्या? आपल्याला कोणी मामा तर बनवलं नाही ना?

म्हणून आज जावई.

पडद्यावर स्टेशन होतं. एक माणूस बॅग घेऊन उभा होता आणि बाई रडत होती.

"हॅलोबाई, लाइन कट झाली का?" मागून सुतार ओरडला. सगळे हसले. घड्याळजी हसले नाहीत. ते जावयाच्या तोंडाकडे बघत होते.

हॅलोबाईंना वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. पण मग चहाचं काय? त्यांनी घसा खाकरला. ठरवलं, आज कमीत कमी बोलायचं.

"ती म्हणते, जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो, जातो."

"एवढंच?" लॉन्ड्रीवाली वैतागली. "मघापासून घळाघळा रडतेय ती!"

पडद्यावरचा माणूस बोलायला लागला. बोलतच राहिला. हॅलोबाईंनी डोळे मिटले आणि जे व्हायचं ते होवो म्हणून तोंड सोडलं. "तुम्हा सगळ्यांना वाटतं मी तिकडे मजेत असतो. अगं, तिकडे मी दिवसभर कोणाशी बोलत नाही. दुकानात बोट दाखवतो, पैसे देतो, घरी येतो. रात्री आरशासमोर उभा राहून स्वतःचंच नाव घेतो, आवाज गेला तर नाही ना बघायला!"

लॉन्ड्रीवालीने डोळ्यांना पदर लावला. जावई खाली मान घालून बसला होता. घड्याळजींनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आता हा सगळ्यांसमोर सांगणार, बाई थापा मारतात म्हणून. सुतारानेही मागे काम नसताना रंधा उचलून पुसायला घेतला.

सिनेमा संपला. पोती निघाली, उजेड आला. कोणी उठेना.

"बोला जावईबापू," घड्याळजी म्हणाले.

जावई उभा राहिला. त्याने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा हॅलोबाईंकडे.

"शब्द न् शब्द बरोबर," तो म्हणाला.

टाळ्या कडाडल्या. घड्याळजींनी सुताराच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की भुसा उडाला. "मी म्हणत नव्हतो?" असं ते, कधीच म्हटलं नसताना, तीनतीनदा म्हणाले आणि सुताराला चहाला घेऊन गेले.

हॅलोबाई वायर गुंडाळत होत्या. जावई मागे रेंगाळला होता. आता हा एकांतात झाडणार, त्यांनी ओळखलं.

जावयाने दाराबाहेर डोकावून सासरे लांब गेल्याची खात्री केली. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, मी परवा परत निघालोय. तोवर ही भाषा मला थोडीशी शिकवाल का? दहा वर्षं झाली, अजून प्यायला पाणीसुद्धा मागता येत नाही."