आवाज कमी झालेलं मशीन

“विशाखा, लेकरू त्या मशीनजवळ निजवू नको गं, कान जातील त्याचे,” शेजारच्या शकुबाई म्हणाल्या होत्या. विशाखानं ते हसण्यावारी नेलं होतं. बी.ए. झालेली ती, असलं काही कशाला मनावर घेईल! आता मात्र झोळीशेजारी उभी राहून ती स्टीलचं ताट फरशीवर आपटत होती. चार महिन्यांचा नागसेन ढिम्म. पापणीसुद्धा हलली नाही.

“अहो वहिनी! आत करंट आहे, मी चिकटेन ना!” निवृत्ती दचकून ओरडला.

निवृत्ती एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. सुट्टीच्या दिवशी कॉलनीतले रेडिओ दुरुस्त करी. आज तो विशाखाच्या सासऱ्यांचा, सावळीरामआबांचा, जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडून बसला होता. भीमजयंती तोंडावर आलेली, आणि कॉलनीची जयंती वर्षानुवर्षं याच मशीनवर वाजायची. आबा ते सकाळीच चालू करत. तापलेलं बरं असतं म्हणे. मग दिवसभर स्पीकरमधून घूंऽऽ. नागसेन जन्मल्यापासून त्या घूंमध्येच झोपत आलेला. टाळी वाजवली तर कधी वळे, कधी नाही. विशाखाच्या जिवाला घोर लागला होता.

“आवाज लय कमी झालाय याचा,” आबा निवृत्तीला म्हणाले. “नवे व्हॉल्व्ह घातले, तरी उठंना.”

“आवाज खणखणीत आहे, आबा. हे घूं घूं तेवढं वाढलंय.”

“कसलं घूं घूं?”

निवृत्ती हसला. त्यानं नवा कंडेन्सर घेतला आणि जुन्याच्या टोकांना नुसता टेकवून पाहिला.

घूं थांबलं. घर एकदम गप्प झालं.

झोळी हलली. नागसेननं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि असं काही भोकाड पसरलं की शकुबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आल्या.

ताटानं न उठलेलं पोर शांततेनं उठलं होतं! म्हणजे घूं ऐकत होता लबाड. सगळं ऐकत होता. विशाखानं त्याला उचलून छातीशी धरलं. हसावं की रडावं, तिला कळेना.

“ऐकू येतंय! निवृत्तीभाऊ, ऐकू येतंय याला!”

“आम्हालाही येतंय, वहिनी! पार नाशिकरोडपर्यंत येत असेल!”

नागसेन टिपेला पोचला होता. आबा झोळीकडे पाठ करून मशीनवर वाकलेले. निवृत्तीचं एवढं उघडलेलं तोंड पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल की रे जरा,” ते म्हणाले. “लेकरू झोपलंय.”

विशाखाचं हसू जागच्या जागी थांबलं.

तुमच्याही घरात ‘आवाज कमी झालाय’ म्हणणारं कुणी वडीलधारं असेल, तर आजच त्यांच्या पाठीमागे उभं राहा आणि एक हलकीशी हाक मारून बघा.