घेतलेलं नाव

गाणं संपलं तरी गोदावरीबाईनं फोन परत दिला नाही. काचेवर आता काहीच हलत नव्हतं, पण ती बघत राहिली.

"आवाज तं रेवताचाच आहे," ती नंदिनीला म्हणाली. "पण हे तिनं कवा म्हटलं व?"

नंदिनीनं समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, आपली आई रेवताबाई जिवंत असताना, धानाच्या बांधीत रोवणी चालू होती तेव्हा तिनं आईचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. चौदा मिनिटं. त्यातली चिखलाची चुबुकचुबुक, इतर बायांचं हसणं, आईचा खोकला तिनं एकेक करून गाळून टाकलं. उरलेला आवाज सॉफ्टवेअरला दिला. आता शब्द लिहून दिले की मशीन ते आईच्या गळ्यानं म्हणतं.

आठ महिने तिनं मशीनकडून चाळीस गाणी करून घेतली होती, आणि चॅनलवर माणसं जमली होती दोनशे तेरा. मग तिनं आईचा गळा वापरला. हे गाणं नऊ दिवसांत एकसष्ट हजार वेळा वाजलं. लाखांदूरच्या एकानं लिहिलं, माझी आजी अशीच गायची. आवाज मशीननं तयार केलेला आहे असं तिनं गाण्याखाली स्पष्ट लिहिलं होतं; ते कोणी वाचत नव्हतं. सगळे एवढंच विचारत होते, पुढचं कधी?

"गळा तिचा, ते समजलं," गोदावरीबाई म्हणाली. "पण त्यात नाव काहून घातलं तू?"

गाण्यात एक बाई मासे धरायला गेलेल्या नवऱ्याला हाक मारते. खरं नाव असलं की ऐकणाऱ्याला गाणं आपलं वाटतं, हे नंदिनीनं इतरांची गाणी तपासून ताडलं होतं. म्हणून ध्रुवपदात तिनं वडिलांचंच नाव घातलं. घरी ये, तुलाराम. लिहिताना तिला ते छान वाटलं होतं.

गोदावरीबाईनं वीस वर्षं रेवताबाईच्या शेजारी वाकून धान रोवलं होतं. तिनं रेशनकार्डाच्या दिवसाची आठवण करून दिली. रेशन ऑफिसातल्या बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर रेवताबाईनं तोंडाला पदर लावून सहा वर्षांच्या नंदिनीला पुढं केलं होतं. लेकीनं ठणठणीत आवाजात नाव सांगितलं, आणि सगळं ऑफिस हसलं.

"लाजत नव्हती ती," गोदावरीबाई म्हणाली. "भीत होती. बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य तुटते म्हणे. दर खेपेले थोडं थोडं."

नंदिनीला हे हसण्यावारी न्यायचं होतं. पण डोक्यानं आपोआप गुणाकार केला. ध्रुवपद सहा वेळा. एकसष्ट हजार गुणिले सहा. तीन लाख सहासष्ट हजार.

"पुन्हा लाव बरं ते," ओसरीवरून तुलाराम म्हणाला.

तो जाळं दुरुस्त करत बसला होता, आणि त्याचं इकडं लक्ष नाही असं दोघींनी गृहीत धरलं होतं. वडिलांना हे ऐकवायचा धीर नंदिनीला नऊ दिवस झाला नव्हता. तिनं गाणं लावलं. तुलारामनं हातातली सुई तशीच धरून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तिनं म्हटलं?"

"नाही बाबा. मशीननं."

"आवाज कोणाचा?"

"आईचा."

"मंग तिनंच घेतलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नवरदेवासारखा तो जरासा लाजला होता, आणि ते पाहून नंदिनीच्या अंगावर काटा आला. तीन पोरं झाली, सुना आल्या, रेवताबाई गेली, पण तिच्या तोंडून त्याचं नाव कधी आलं नव्हतं.

"मी काढून टाकते," ती म्हणाली.

"काढ," गोदावरीबाई म्हणाली. तुलारामनं सुई पुन्हा जाळ्यात घातली.

हे गाणं गेलं की आलेली माणसंही जातील, पुन्हा दोनशे तेरा उरतील, हे तिला ठाऊक होतं. गाणं कायमचं काढायचं का, असं फोननं विचारलं. तिनं हो दाबलं. एकसष्ट हजाराचा आकडा जिथं होता तिथं कोरी जागा राहिली.

तेवढ्यात रस्त्यानं रोवणीच्या बायांचा ट्रॅक्टर आला. परगावच्या बाया, एका शेतावरून दुसऱ्या शेतावर निघालेल्या, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. ट्रॉलीत कोणीतरी फोनला स्पीकर जोडला होता. गाणं त्या बाईनं आधीच उतरवून घेतलं असावं. रेवताबाईनं ओळ म्हटली, आणि बांधीत म्हणतात तशी बाकीच्या पंधरा-वीस जणींनी ती उचलली. घरी ये, तुलाराम. कोणाला माहीत नव्हतं, हा तुलाराम कोण.

जाळं बाजूला सारून तुलाराम उठला. गोदावरीबाई धडपडत ओसरीवर आली.

"ओ नका देऊ, भाऊ. मेल्या माणसाच्या हाकेले ओ देत नसते."

ट्रॅक्टर वळणावर गेला होता, आवाज बारीक होत चालला होता. तुलारामनं रस्त्याकडं तोंड केलं आणि जेवायला हाक आल्यावर माणूस देतो तशी, अगदी साधी, ओ दिली.