बाईंच्या मागची जागा

सरोजिनीबाईंनी सूर वरच्या षड्जाकडे नेला आणि तो मध्येच तुटला.

मागं तानपुरा घेऊन बसलेल्या रोहिणीनं चमकून वर पाहिलं. बोटं मात्र तारांवर फिरत राहिली. काही झालं तरी तानपुरा थांबवायचा नाही, एवढं ती बाईंकडून शिकली होती.

कॉलेजच्या सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाईंचा मंगळवार आहे, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, असं पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. रोहिणीला ते ऐकूच आलं नाही. तिला वाटलं, बाई मुद्दाम थांबल्या. आता त्या वळणार आणि सगळ्या उमरग्यासमोर आपलं नाव घेणार.

चूक झालीच होती. मुरुमच्या या पोरीची गाणी ट्रॅक्टरवर वाजायची, रिक्षात वाजायची, वरातीत डीजेवर वाजायची. कॉलेजात संगीत घेतलं तेव्हा बाईंनी एकच अट घातली, वर्षभर माईकला हात लावायचा नाही. तिनं मान डोलावली आणि रोज सकाळी नुसता सा लावत बसली. ज्या आवाजावर गावं नाचली तो बाईंसमोर थरथरायचा. इको नाही, ठेका नाही, झाकायला काहीच नाही. आपल्याला आवाज कधी नव्हताच, ती सगळी मशीनची करामत होती, या विचारानं तिला धडकी भरायची.

आणि मागच्या आठवड्यात जळकोटला, मावसबहिणीच्या हळदीत, तिनं माईक धरलाच. ऐन गाण्यात लाईट गेली. माईक बंद, डीजे बंद. बायका काही नाचायच्या थांबेनात, म्हणून हीही गात राहिली, अंधारात, उघड्या गळ्यानं. कुणाच्या तरी मोबाईलनं ते टिपलं आणि बघता बघता कॉलेजभर झालं.

बाई मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत. रोहिणीला त्या न बोलण्याचीच जास्त भीती वाटत होती. काल त्यांनी एवढंच सांगितलं, की उद्या माझ्या मागं तू बसायचंस. ती जागा गौरीची. गौरी त्यांच्याकडं शाळेपासून शिकते.

"काय गं डीजेवाली," गौरी हसत म्हणाली होती, "उगंच न्हाय बसवलं तुला तिथं. सगळ्यांदेखत कान धरणारेत."

बाई वळल्या. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी उजवा हात मागं केला, तळवा उघडा. तो हात जा म्हणतोय की घे म्हणतोय, रोहिणीला कळेना. तानपुरा तेवढा बोलत होता.

मग बाईंचे ओठ हलले. घे.

रोहिणीनं डोळे मिटले. जिथं तुटला होता तिथूनच सूर उचलला. तो आधी थरथरला, मग हळूहळू उभा राहिला. बाई मांडीवर ताल धरून बसल्या. समेवर पोचेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पडदा पडल्यावर आतल्या खोलीत रोहिणीला रडू फुटलं.

"बाई, जळकोटला म्या माईक धरला. मला वर्गातनं काढू नका."

बाईंनी तिला जवळ बसवलं. आवाज पार घोगरा झाला होता. उपवासाला बोल लावू नका म्हणावं लोकांना, त्या म्हणाल्या, गळ्यात गाठ आहे, सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. सूर कधी दगा देईल याचा नेम नाही. आज मंचाच्या पायऱ्या चढताना भीती वाटत होती, देवीचं नाव घेत वर गेले.

रोहिणी रडायची थांबली. आपल्यापुढं बसून बाईही घाबरल्या असतील, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून मोबाईल काढला. पडद्यावर नुसता काळोख होता आणि त्या काळोखातून रोहिणीचाच आवाज येत होता, जळकोटच्या हळदीतला.

"हे आल्यापासून रोज ऐकते," बाई म्हणाल्या. "गौरी सुरात पक्की आहे, पण मी थांबले की तीही थांबेल. तू अंधारातसुद्धा थांबली नाहीस."