तीस इंच रुंदीचा देश

आमच्या कार्यालयात छापलेल्या शाळेच्या नकाशात देश तीस इंच रुंद होता आणि त्याच्या पूर्वेच्या पट्ट्यात एकोणीस गावं होती. त्यातल्या एका गावात माझी ताई राहते. अकरा दिवस तिचा फोन नाही.

तो साठ किलोमीटरचा पट्टा शत्रूने घेतला, त्याच संध्याकाळी राष्ट्रप्रमुख भाषणात गरजले, "नकाशावर पट्टी ठेवून बघा. देश एका इंचानेही घटलेला नाही."

सकाळी आमच्याकडे हुकूम आला: उरलेला देश तीस इंचांतच बसवा आणि कागद नव्या सीमेवर कापा.

"इंचाला वीस किलोमीटर होते, आता अठरा धर," मुख्य आरेखक म्हणाले. "ते बोलून मोकळे, निस्तरायचं आपण."

आईच्या हट्टापायी नव्या नकाशाची एक प्रत मी घरी नेली. तिने ती स्वतः भिंतीवर लावली आणि चष्मा पुसला.

"एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? देश तेवढाच आहे ना, मग ताईचं गाव दाखव की मला."

मी अठराच्या मापाने पट्टी लावली.

गाव नकाशाच्या उजव्या कडेपासून दोन इंच बाहेर, भिंतीवर होतं.